शिवेवरचा धूर

हरवलेल्या मेंढराची गोष्ट आमच्या यांना फार आवडायची, आणि माझं त्या गोष्टीशी कधी पटलं नाही. हे म्हणजे चंद्रभान मास्तर, माझे यजमान. पालमच्या अलीकडच्या एका लहान गावात मिशननं त्यांना शाळा चालवायला आणि उपदेश करायला ठेवलं होतं. निजामाचं राज्य होतं तेव्हा. वस्तीतली दहाबारा घरं ख्रिस्ती झालेली, शाळेची एक खोली, तिच्यातच रविवारची उपासना आणि तिला लागूनच आमचं बिऱ्हाड. महिन्यातून एकदा तरी ती गोष्ट यायचीच. मेंढपाळाची शंभर मेंढरं, त्यातलं एक चुकतं, तो नव्याण्णव रानात सोडून त्या एकाला शोधायला जातो आणि खांद्यावर घालून आणतो. बायका डोळे पुसायच्या. मी मागं बसून मनात म्हणायचे, आणि त्या नव्याण्णवांकडं कुणी बघायचं? तोवर लांडगा काय सुट्टीवर गेलाय?

एकदा मी हे यांना तोंडावर विचारलं. ते हसले. म्हणाले, "तुझ्यासारखी एक मेंढी त्या कळपात असणारच." उत्तर काही दिलं नाही. त्यांची ही सवय मला मुळीच आवडत नसे.

माझा स्वभाव पहिल्यापासूनच असा. वडील पूर्णेला रेल्वेत गँगमन होते. गाडीला उशीर झाला की माणसं फलाटावर येरझाऱ्या घालतात, तशा मी घरात घालते. "देवावर भार टाक" असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. टाकायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुणी सांगत नाही.

त्या उन्हाळ्यात नदीपलीकडच्या वाडीत पटकी आली. जुलाब आणि ओकाऱ्या, सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी नसायचा. शुक्रवारी कुणीतरी सांगत आलं, की वाडीतला भुजंग पडलाय आणि घरच्यांनी भीतीनं त्याला शेतातल्या खोपीत नेऊन ठेवलंय. हा भुजंग आमच्यातच बाप्तिस्मा घेतलेला आणि पुढं भांडून निघून गेलेला. जाताना शाळेचा कंदील फोडून गेला, चावडीवर उभा राहून यांच्या नावानं नाही नाही ते बोलला. त्या दिवसापासून मी त्याचं नाव टाकलं होतं.

हे लगेच उठले. मीठ, गूळ, तांदळाच्या कण्या आणि विहिरीत टाकायच्या लाल औषधाची पुडी फडक्यात बांधायला लागले.

"त्याला त्याची मानसं हायत की," मी म्हणाले.

"त्यांनी टाकलंय त्याला."

"आन् तुमी आमाला टाकायलाव, त्याचं काय?"

सलू माझ्या कडेवर होती. सलोमी, आमची एकुलती एक, नुकती पावलं टाकायला लागलेली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पानी उकळल्याबिगर पाजू नको तिला. काई झालं तरी." दारातून वळून आणखी म्हणाले, "मेंढपाळ कुनालाच इसरत नसतो, तानू."

हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बायकालेकराला सोडून जाणाऱ्यानं निदान उपदेश तरी करू नये.

शनिवार गेला, ते आले नाहीत. रविवारी वस्तीतली माणसं शाळेचं बंद दार बघून परत गेली. दुपारी हलगी वाजली आणि दवंडी आली. रोग घालवायला मंगळवारी मरीआईचा गाडा शिवेबाहेर न्यायचं गावानं ठरवलं होतं, आणि तोवर गाव बांधायचं होतं. गाव बांधायचं म्हणजे आतलं कुणी शीव ओलांडायची नाही, बाहेरचा माणूस किंवा बाहेरची वस्तू आत यायची नाही, आणि दिवस मावळल्यापासून गाडा जाईपर्यंत कुणाच्याही घरात चूल पेटायची नाही. ज्याच्या घरातून धूर निघेल त्यानं आईचा कोप ओढवला असं धरलं जाणार.

शेजारची बायनाबाई, वस्तीतल्याच ख्रिस्ती घरातली, भिंतीवरून वाकली. "तानुअक्का, आपन गाड्याला वर्गनी दिली न्हाई म्हून लोक आधीच बोलायलेत. धूर तेवढा काढू नका, हात जोडते तुमाला."

मी तिला बोल लावत नाही. तिलाही लेकरं होती, आणि सगळं गाव भेदरलेलं होतं. दिवस मावळायच्या आत मी मडकंभर पाणी उकळून ठेवलं, चूल विझवली आणि जीव रमेना म्हणून शाळेच्या माळवदावर चढले. नदीकडच्या बाजूला, पाटलांच्या रानात, शिवेच्या अगदी पलीकडं बाभळीखाली धूर दिसत होता. त्या रानात धनगरांनी खतासाठी मेंढरं बसवली होती, हे मला माहीत होतं. माझा जळफळाट झाला. गावाच्या चुली थंड, माझा नवरा बेपत्ता, आणि हे मेंढपाळ शिवेपलीकडं निवांत भाकरी थापत बसलेत! सगळे मेंढपाळ मेले सारखेच, असं मी मोठ्यानं म्हणाले. त्यात मी कुणाकुणाला मोजलं ते देवाला कळलं असणारच.

सोमवारी पहाटे सलूला जुलाब लागले.

पहिल्यांदा मी मनाला सांगितलं, दात येत असतील. मग तिनं ओकारी काढली आणि मला घाम फुटला. लुगड्याची फडकी करून मी तिला पुसत होते आणि ती फडकी टोपलीखाली लपवत होते. बाहेर कळलं असतं तर आम्हा दोघींना शिवेबाहेर घालवलं असतं, आणि वस्तीतल्या बाकीच्यांनाही त्याची झळ लागली असती. लेकरू सारखं पाणी मागत होतं. मी पाजत होते, ते पडत होतं, मी पुन्हा पाजत होते. ऊन चढलं तेव्हा मडक्याचा तळ दिसायला लागला.

विहिरीचं पाणी घरात होतं, पण ते उकळायला चूल हवी होती. चूल पेटवली असती तर धूर पाहून लोक आले असते, आणि आत येऊन त्यांनी सलूला पाहिलं असतं. मी दारापासून चुलीपर्यंत आणि चुलीपासून दारापर्यंत फिरत राहिले. प्रार्थना करायची म्हटली तर शब्द सुचेनात. शेवटी म्हणाले, "प्रभू, त्या एकाच्या मागं नदीपलीकडं गेला असशील तर तिथंच राहा. माझं मी बघते." असं बोलल्यावर भीती वाटली, आणि रागही उतरला नाही. मी पुन्हा माळवदावर गेले. बाभळीखाली धूर होताच.

धनगरांची चूल शिवेबाहेर होती, तिला गावाचा नियम लागू नव्हता. माझ्या डोक्यात एवढंच आलं. सलूला पदरात गुंडाळलं, कळशी घेतली आणि निघाले. पोरगी खांद्यावर मान टाकून पडली होती. तिचे डोळे आत गेलेले मला बघवत नव्हते.

शिवेच्या दगडाला शेंदूर लावून लिंबं वाहिली होती. अलीकडं कडुलिंबाखाली बसवंतराव पाटील काठी घेऊन बसले होते. माणूस वाईट नव्हता, पण गावाचा शब्द मोडणारा नव्हता.

"बाई, कुठं निघालाव?"

"धनगराच्या चुलीवर पानी उकळून घेते, मालक. लगेच येते."

"धनगर?" पाटलांनी विचारलं. "धनगर तर परवाच उठून गेले. रोगाचं नाव ऐकून कोन थांबतंय?"

"मग हा धूर कुनाचा हाय?"

पाटलांनी मान खाली घातली. "मास्तरचा."

मला काही समजेना. पाटीलच तुटक तुटक सांगायला लागले. काल दवंडी झाल्यावर मास्तर वाडीकडून आले होते, पाठीवर भुजंगाला घेऊन. गाव बांधलंय म्हटल्यावर आत घुसायला बघितलं नाही. "म्हनले, घरात चूल बंद असंल, पोरीला उकळलेलं पानी मिळायचं न्हाई. तितंच धनगराच्या चुलीच्या दगडावर पानी उकळलं आन् आनून ठेवलं. म्हनले, घरी पोचवा. आता बाहेरची वस्तू म्या कशी आत घेऊ, बाई? गावाचा हुकूम हाय. सांगावा धाडला असता तर तुमी शीव ओलांडली असती."

"काय ठेवलं? कुठं?"

त्यांनी काठीनं दाखवलं. शेंदराच्या दगडाच्या पलीकडं, वीतभर अंतरावर, सावलीत एक मडकं होतं. तोंडाला यांचं उपरणं बांधलेलं. त्या उपरण्याचा फाटका काठ मीच शिवला होता.

"कालचं सांडून आज सकाळी ताजं आनून ठेवलंय," पाटील म्हणाले, आणि मग हळूच, "पलीकडं गेलाव तर गाडा जाईस्तोर परत येता यायचं न्हाई."

मी तोवर पलीकडं गेले होते.

गाठ सुटेना म्हणून दातांनी सोडली. पाणी कोमट होतं, मीठगुळाचं, धुरकट वासाचं. ओंजळीनं सलूच्या तोंडाला लावलं. तिनं एक घोट घेतला, मग दुसरा. मी तिथं मातीत बसून रडले. तीन दिवस ज्याच्या नावानं बोटं मोडत होते, त्यानं ठेवलेलं पाणी गावाच्या दगडाला टेकून माझी वाट बघत होतं.

बाभळीकडून एक माणूस काठी टेकत आला. गाल पार बसलेले. मी ओळखलं नाही आधी. तो भुजंग होता.

"मास्तरीनबाई, बिगीनं चला. मास्तर सकाळपासून पडलेत."

"मग हे मडकं कुनी आनलं?"

"म्या आनलं की. चूल बी मीच पेटवायलोय." तो बाभळीकडं वळला. "मास्तर म्हनले व्हते, तिला धूर दिसंल, ती यील. लय चिडंल, पन यील."

हे बाभळीखाली घोंगडीवर पडले होते. चेहरा ओळखू येऊ नये इतका सुकलेला. मी कितीतरी बोलायचं ठरवून ठेवलं होतं. नव्याण्णवांचं काय, हे तर पहिलंच. त्यांनी डोळे उघडले, आवाज नव्हताच, नुसते ओठ हलले.

"पानी प्याली का ती?"

मी सलूला त्यांच्या शेजारी ठेवलं.

ती दुपार आणि पुढचा दिवस आम्ही त्या बाभळीखाली काढला. भुजंग कण्यांची पेज करायचा. एकदा मी यांना भरवायचे आणि तो सलूला, एकदा तो यांना आणि मी सलूला. त्यानं पळीतला एक थेंब सांडला नाही. पेज ढवळताना मान वर न करता म्हणाला, "कंदिलाचं तेवढं मनात धरू नका, बाई." मी म्हणाले, "आधी पेज तळाला लागंल, ती बघा." मंगळवारी दुसऱ्या बाजूनं गाडा गेल्याची हलगी ऐकू आली. त्याच संध्याकाळी सलू चिडून रडली, पहिल्यासारखी दणकून, आणि हे भुजंगाच्या खांद्याला धरून उठून बसले.

त्या गोष्टीशी माझं अजूनही पूर्ण पटलेलं नाही. स्वभावही बदलला नाही. प्रार्थनेला उत्तर आलं नाही की मी येरझाऱ्या घालते, देवाला टाकून बोलते, आता तू आहेस तिथंच राहा म्हणते. मग ते उपरणं बांधलेलं मडकं आठवतं. चिडायचं ते चिडून घेते, पण आधी शिवेपर्यंत जाऊन बघते.