एकोणपन्नास इंचांचा पल्ला

‘मंत्रांचे पल्ले व कालावधी यांचे नियम ऑरिन टेस्के यांनी दोन हिवाळ्यांच्या एकाकी परिश्रमातून सिद्ध केले आहेत.’ आमच्या खेळाच्या नियमपुस्तकाच्या प्रस्तावनेतील या वाक्यात ‘हिवाळे’ एवढाच शब्द निर्विवाद आहे. विस्कॉन्सिनमध्ये ते असतातच.

‘एकाकी’ म्हणावे, तर त्या दोन्ही हिवाळ्यांत दर शनिवारी दुपारी माझ्या जेवणाच्या टेबलाभोवती पाच माणसे कथिलाचे जादूगार आणि राक्षस सरकवीत, मंत्र कुठवर पोहोचतो ते इंचांत मोजीत बसत असत. आणि ‘सिद्ध’ जे केले, ते मी. दूरवर जाणारा मंत्र लवकर विझावा. स्पर्शाने घालायचा मंत्र दिवसभर टिकावा. अन्यथा जादूगार सुरक्षित अंतरावरून एकटाच लढाई संपवतो आणि तलवारवाले चिप्स खात बसतात. या तत्त्वाचा तक्ता मी आलेखाच्या कागदावर मांडला आणि ऑरिनला वाचायला दिला.

मी कॉलेजात मध्ययुगीन इतिहास शिकवते. किल्ल्यांच्या वेढ्यांवरचा माझा प्रबंध सात जणांनी वाचला. त्यांपैकी चार परीक्षक होते. तो तक्ता मात्र हजारो मुलांना पाठ आहे आणि मिलवॉकीच्या संमेलनात ती रांग लावून त्यावर ऑरिनची सही घेतात. मला हेवा वाटला नाही असे लिहिणे हा दुसरा खोटा दावा ठरेल. त्या रांगेतला प्रत्येक चेहरा मला अजून आठवतो.

दुसरी आवृत्ती सोमवारी छापायला जाणार होती. शनिवारी सगळे माझ्याकडे जमल्यावर मी विचारले,

“ऑरिन, सगळ्यात लांबचा पल्ला एकोणपन्नास इंच का रे?”

“असाच. बरा वाटला.”

“पन्नास का नाही?”

“पन्नास फार होतात.”

“एका इंचानं?” वर्लिन खिदळला. हा आमच्यातला नेहमी पहिला मरणारा तलवारवाला.

“तू गप चीज खा.”

“वर्लिन, हे टेबल मोज बरं,” मी म्हणाले. “आडवं.”

त्याने मोजपट्टी ताणली. “एकोणपन्नास.” मग सावकाश, “अरे ऑरिन, काय हे!”

ऑरिनच्या घरी नऊ फूट लांब, पाच फूट रुंद पिंगपाँगचे टेबल आहे. मंत्र माझ्या टेबलाच्या कडेबाहेर जाऊ नये, एवढ्याच कारणाने मी तो आकडा तिथे थांबवला होता. तर्कदृष्ट्या ती चूकच. पण दुसऱ्याची तीच चूक कोणी स्वतंत्रपणे करीत नाही.

“सोमवारपर्यंत माझं नाव घाल,” मी म्हणाले, “नाहीतर माझा तक्ता काढ.”

“काढला तर खेळच राहत नाही, मार्लिस.”

“ते मला माहीत आहे.”

त्याने कागद मागितला. त्याने लिहिलेला मजकूर दुसऱ्या आवृत्तीत जुन्या प्रस्तावनेच्या जागी आहे. मी त्यातले एक अक्षरही बदलू दिले नाही:

“तक्ता मार्लिस हाउगेनचा आहे. मी तो उचलला. दोन हिवाळे मी तेच गणित सोडवत होतो आणि माझ्या प्रत्येक तक्त्यात जादूगार तिसऱ्याच फेरीत सगळ्यांना मारून मोकळा व्हायचा. हिनं ते एका दुपारी सोडवलं आणि वर मला म्हणाली, ‘सोपं होतं.’ चोरीची मला लाज वाटते. त्या ‘सोपं होतं’बद्दल मात्र मी तिला अजून माफ केलेलं नाही.”