लिसिनिओकाकांच्या प्लॅनमधली बायको

तोन्योच्या मोबाइलच्या दुकानात मी शिरले ती भांडायच्या तयारीनेच. बसस्टॉपवर उभं राहून मुलाला फोन लावला तर लागेना. नवऱ्याच्या फोनवरून लावला, तोही मुका. रादामेस, म्हणजे माझा नवरा, माझ्या मागोमाग दुकानात आला आणि दाराजवळच्या खुर्चीत टेकला. एसेक्स स्ट्रीटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं म्हणजे त्याला हल्ली धाप लागते.

"तोन्यो, एक तारखेला पैसे मोजून घेतलेस ना? मग हे काय?"

तोन्योने कॉम्प्युटरवर माझा नंबर टाकला आणि त्याचा चेहरा उतरला.

"मावशी, लिसिनिओकाका गेले."

"कोण लिसिनिओकाका?"

"तुमचेच. म्हणजे तुमच्या प्लॅनचे. गुरुवारी गेले. त्यांच्या मुलीने सगळे नंबर बंद केलेत."

अमेरिकेतल्या या लॉरेन्समधले आम्ही डॉमिनिकन लोक स्वस्त फोनसाठी कंपनीच्या चकचकीत दुकानात जात नाही. तिथे आधी तुमची सगळी कुंडली मागतात. आम्ही तोन्योकडे जातो. पंचावन्नच्या पुढच्या माणसाला कंपनी निम्म्या दरात प्लॅन देते आणि त्याच्या घरच्यांनाही त्याच दरात जोडून घेते. आम्हा नवराबायकोला पंचावन्न व्हायला अजून दोन-तीन वर्षं बाकी. मग तोन्यो गल्लीतला एखादा एकटा म्हातारा गाठतो, त्याच्या नावावर प्लॅन काढतो आणि त्याच्या खाली आमच्यासारख्यांना घरचे म्हणून चिकटवतो. म्हाताऱ्याला फोन फुकट, आम्हाला माणशी पंधरा डॉलर, तोन्योला कमिशन. म्हातारा कोण, कुठला, हे मी कधी विचारलं नव्हतं. कशाला विचारू?

एरवी तोन्योला चार शब्द सुनावून मी दुसरा म्हातारा मागितला असता. पण रादामेसच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्यात. सोमवार, बुधवार, शुक्रवार पहाटे डायलिसिस, आणि बॉस्टनच्या हॉस्पिटलच्या यादीत पाच वर्षं नाव. किडनी मिळाली की त्यांचा फोन येणार, आणि तो तासाभरात उचलायचा, नाहीतर ती पुढच्याला. त्यांनी तीन नंबर मागितले होते. मी माझा दिला, रादामेसचा दिला, आमच्या मुलाचा, वाल्दोचा दिला. तिन्ही तोन्योकडचे, तिन्ही त्या एका म्हाताऱ्याच्या खाली. तीन नंबर दिले म्हणून मी निर्धास्त होते. एवढी मी शहाणी.

"बंद कधी झाले?" मी विचारलं.

"ते मला दिसत नाही. नुसतं बंद दिसतंय."

काल रात्रीच मी तिकडे मायदेशी, बानीला, बहिणीशी व्हिडिओवर तासभर बोलले होते. तेव्हा आज सकाळीच बंद झाला असणार, असं मी धरलं. आधी नंबर चालू करून घेऊ, मग हॉस्पिटलला कळवू.

"मुलीला सांग, चालू कर म्हणावं."

"मी नाही जात, मावशी. फोनवर तिने माझी आई-आजी सगळी काढलीय. तुम्ही बाईमाणूस, तुमचं ऐकेल. त्यांच्याकडे नऊ दिवसांची प्रार्थना चालू आहे, दार उघडंच असेल."

त्याने कागदावर पत्ता लिहून दिला. तीन मजल्यांचं लाकडी घर, आणि काका वरच्या मजल्यावर. रादामेस प्रत्येक वळणावर थांबत चढला. वर आठ-दहा बायका माळ ओढत बसल्या होत्या, आल्याची कॉफी फिरत होती. कोपऱ्यातल्या टेबलावर पांढरी चादर, मेणबत्त्या, फुलं, आणि काकांचा फोटो. फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. मेलेल्या माणसाच्याच प्रार्थनेत त्याचा फोटो असा, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं.

काळ्या कपड्यांतली एक चाळिशीची बाई उठून आली. ती इव्हेलिसे, काकांची मुलगी.

"मी फिओर," मी म्हटलं. "तुमच्या वडिलांच्या फोनच्या प्लॅनमध्ये माझा नंबर..."

पुढचं बोलायची गरजच पडली नाही. माळा थांबल्या.

"ती तुम्हीच का?" इव्हेलिसे म्हणाली.

"कोण ती?"

"बायको."

तिने वडिलांचा फोन माझ्या नाकासमोर धरला. तोन्योने प्रत्येक नंबरापुढे नातं टाकलं होतं. माझ्या नंबरापुढे बायको. वाल्दोच्या पुढे मुलगा. रादामेसच्या पुढे भाऊ.

"आई जाऊन अकरा वर्षं झाली," इव्हेलिसे बोलत होती. "बाबा रोज म्हणायचे, पोरी, मी अगदी एकटा पडलोय. मी रोज डबा घेऊन यायचे. पुरून घरी आले, फोन उघडला, तर आत अख्खा संसार. बायको, मुलगा, वर भाऊ. हा भाऊ कोण ते तरी कळू दे."

रादामेसने शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. "भाऊ मी. पण हिचा नवराही मीच."

एका म्हातारीने छातीवर क्रूस काढला. दुसरी फस्सकन हसली आणि तिने तोंडावर रुमाल दाबला.

"अहो बाई," मी म्हटलं, "तुमच्या बाबांना मी कधी पाहिलेलंसुद्धा नाही. पंधरा डॉलरच्या फोनसाठी तोन्योने मला परस्पर लग्नात उभी केलीय. याला विचारा, हा सत्तावीस वर्षं माझ्या उरावर बसलाय."

मग मी सगळं सांगितलं. इव्हेलिसे ऐकता ऐकता खाली बसली. हसतेय की रडतेय ते कळेना. उठून तिने फोटो सरळ केला, त्याची काच पदराने पुसावी तशी बाहीने पुसली आणि म्हणाली, "बाबा, माफ करा." मला तिची फार दया आली. रागाच्या भरात मीही हेच केलं असतं.

"आत्ता चालू करते तुमचे नंबर," ती म्हणाली. "दोन रात्री मला झोप नाही. रविवारी पुरून आले आणि त्याच संध्याकाळी सगळे बंद करून टाकले."

"रविवारी?"

"हो, परवा."

"परवा कसे? काल रात्री मी बहिणीशी बोलले."

"घरातून?" रादामेसने हळूच विचारलं. "घरात वायफाय आहे, फिओर."

वाल्दो शीतगृहात दोन पाळ्या करतो, तिथे फोन बाहेर ठेवावा लागतो, आणि घरी आला की तोही वायफायवर. घरात सगळं चालत होतं. व्हिडिओ, निरोप, रादामेसचा डॉमिनोचा खेळ. फक्त खरा फोन येणार नव्हता, आणि तो येत नाहीये हे कळायला काही मार्ग नव्हता.

हॉस्पिटलचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. तो मी इव्हेलिसेच्या फोनवर दाबला, तीनदा चुकले. रादामेसला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. यादीचं काम बघणारी ती बाई नेहमी आमच्याशी स्पॅनिशमध्ये बोलते.

"फिओर, तुम्ही होतात कुठे?" ती म्हणाली. "काल दुपारी साडेतीनपासून तुम्हाला शोधत होतो. तिन्ही नंबरांवर. मी स्वतः चौदा वेळा लावला."

"मिळाली होती?"

"मिळाली होती. चांगली जुळत होती. पाचपर्यंत थांबलो, तासाच्या वर. मग पुढच्याला दिली. मला फार वाईट वाटतंय. रादामेस यादीत आहेत, नाव कुठे जात नाही. पण मला चालणारा नंबर द्या."

इव्हेलिसेने माझ्या हातातून फोन घेतला, स्वतःचा नंबर दोनदा सांगितला आणि ठेवला. मग ती माझ्यासमोर उभी राहिली आणि काय करावं ते तिला सुचेना. मला तिला मारावंसं वाटलं. तोन्योला मारावंसं वाटलं. सगळ्यात जास्त स्वतःला.

"साडेतीन," रादामेस म्हणाला. "साडेतीनला मी खिडकीत होतो. फोन हातातच होता."

बायका माळेचे मणी मुठीत धरून बसल्या होत्या.

"काका, तुम्हाला काही देऊ?" इव्हेलिसेने कसंबसं विचारलं. "कॉफी? काहीही सांगा."

"पाणी," तो म्हणाला. "मोठा ग्लास भरून. बर्फ घालून."

डायलिसिसवाल्या माणसाच्या अंगात पाणी साठून राहतं, म्हणून त्याला दिवसाला चारच कप पाणी, त्यातच कॉफी आणि त्यातच सूप. पाच वर्षं ते मी मोजते. त्याच्या हातातून कप ओढून घेतलाय, पाहुण्यांसमोर भांडलेय, रात्री नळाचा आवाज आला तर उठून गेलेय. इव्हेलिसेने ग्लास आणला. त्याने तो दोन्ही हातांनी धरला आणि न थांबता, डोळे मिटून, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. मग रिकामा ग्लास पुढे केला.

"अजून एक," तो म्हणाला.

इव्हेलिसेने माझ्याकडे पाहिलं. मी तिला म्हटलं, "दे."