पहिलं मंगलाष्टक कुणाचं

मेजर यज्ञेश आफ्रिकेत शांतिसेनेची नोकरी करून लग्नासाठी काशीला आला, तर इथे घरातच लढाई पेटलेली. नवरीचे वडील नीलकंठशास्त्री आणि यज्ञेशला लहानाचा मोठा केलेले ढुंढिराजकाका, दोघेही पंचगंगा घाटावरचे भटजी. पहिलं मंगलाष्टक कोण म्हणणार, यावरून दोघांचं असं बिनसलं की लग्नाच्या सकाळी दोघेही घरी रुसून बसले. घरं समोरासमोर, मधली गल्ली हातभर, आणि बोलणं मात्र बंद.

नवरीचा, मधुवंतीचा, फोन आला. "बाबा आल्याशिवाय मी अंतरपाटापाशी उभी राहायची नाही."

काकांशिवाय यज्ञेश तरी कसा उभा राहणार होता?

मग त्याला फौजेचं पुस्तक आठवलं. भांडणाऱ्या गावात शिरताना दोघांचं वेगवेगळं ऐका, कुणाचं काही घेऊ नका, मध्ये तटस्थ माणूस बसवा. पठ्ठ्याने तसंच केलं. दोन्ही घरी तासभर ऐकलं आणि दोन्ही घरचा चहा नाकारला. झालं, दोघांनाही वाटलं, हा तिकडे फितूर. काशीत घरच्या माणसाने चहाला नाही म्हणायचं म्हणजे काय!

शेवटी त्याने यात्रेला आलेले पुण्याचे रत्नाकरगुरुजी ठरवले. बातमी गल्लीत पोचली आणि दोन्ही दारं धाडकन उघडली.

"पुण्याचा माणूस? हमारे यहाँ?" काका कडाडले.

"आणि चाल कुठली लावणार तो?" शास्त्रीबुवा म्हणाले. दोघे तणतणत एकत्रच मांडवात आले.

अंतरपाट धरला गेला. गुरुजींनी तोंड उघडण्याआधीच दोघांनी एकदम सुरुवात केली, तीही दोन वेगळ्या चालींत. मांडव हसून लोटपोट झाला. गुरुजी बिचारे खुशीत अक्षता धरून बाजूला झाले.

शेवटच्या कडव्याला नीलकंठशास्त्री मुलीकडे बघून अडखळले. काकांना मैदान मोकळं मिळालं होतं. पण ते थांबले, आणि त्यांनी व्याह्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"म्हणा, शास्त्रीबुवा. पोरगी तुमची आहे."

शास्त्रीबुवांनी डोळे पुसले आणि कडवं म्हटलं, ते काकांच्या चालीत. यज्ञेशला आनंदाने रडू आलं, आणि त्याने ते लपवलंही नाही.

अंतरपाट दूर होताच मधुवंतीने हळूच विचारलं, "हे तुझ्या पुस्तकात होतं का?"

"मांडवाच्या दारापर्यंत होतं. तेही जरा चुकलेलं."

मग पंगतीआधी त्याने दोन्ही घरी जाऊन चहा घेतला. काकांकडे तर दोनदा.