आधी वरची रांग

मी एक जुनी खुंट्यांची फळी आहे. सुताराने मला एका मोडक्या दारातून घडवले, म्हणून माझ्या कडेला अजून बिजागरीची खाच आहे. नर्सिंग शाळेच्या व्हरांड्यात मी कैक वर्षे प्रवेश वाटले. वरच्या रांगेत चार खुंट्या, त्या सर्वांसाठी खुल्या. खालच्या दोन हिरव्या, त्या नदीपलीकडच्या वस्त्यांतल्या मुलींसाठी राखीव, कारण तिकडे धड शाळाही नव्हती. निवडलेल्या मुलीच्या नावाचा बिल्ला माझ्यावर टांगला जाई. सगळ्या बिल्ला बघत, फळीकडे कोण बघतो? पण मित्रांनो, तेवढा मान मला पुरे होता.

बिल्ले टांगायचे काम हेडक्लार्ककाकांचे. माणूस सरळ, पण सवयीचा गुलाम. ते आधी हिरव्या खुंट्या भरत. "राखीव जागा उरकल्या की डोक्याला ताप नाही," म्हणत.

एका वर्षी पलीकडच्या तीन मुली गुणांत दुसरी, सहावी आणि नववी आल्या. नववी म्हणजे नावाड्याची लेक. काकांनी दुसरीला आणि सहावीला हिरव्या खुंट्या दिल्या. वर पहिली, तिसरी, चौथी आणि पाचवी लागल्या. पाचवी काकांची सख्खी भाची, त्यामुळे काकांचा आनंद गगनात मावेना. नावाड्याची लेक मात्र मान खाली घालून पिशवी उचलू लागली.

तेवढ्यात दुसरी आलेली मुलगी पुढे झाली. "सर, माझ्या गुणांवर मला वरची जागा मिळतेच की. मग ही हिरवी मी कशाला अडवू?"

"अगं, हक्काची आहे ती तुझी. जागा मिळाल्याशी कारण."

"मला मिळाली, पण हिची गेली ना," ती नावाड्याच्या लेकीचा हात धरून म्हणाली.

शाळेच्या मुख्य, मोठ्या बाई, आवाज ऐकून बाहेर आल्या. त्यांनी सगळे बिल्ले काढायला लावले आणि आधी वरची रांग भरून पाहायला सांगितली. वर पहिल्या चौघी बसल्या. हिरव्या खुंट्यांवर सहावी आणि नववी आल्या. काकांच्या हातात भाचीचा बिल्ला उरला.

"जिला वरची मिळत नाही, तिच्यासाठी खालची ठेवलीय," बाई म्हणाल्या. "वरची मिळवणारीनेच ती भरली, तर आपण राखलं काय?"

 मला वाईट वाटले, कारण पाचवी येऊन बाहेर राहायचे आणि नववीने आत जायचे, हे कुणालाही बोचणारच. भाचीचे डोळे भरले. "मामा, घरी काय सांगू?"

"ताईला मी सांगतो," काका म्हणाले. "रांग मी चुकीची भरली. तुझं काही चुकलं नाही, बाळा."

भाची पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसली आणि वरच्या रांगेत आली. नावाड्याची लेक आता इथेच शिकवते. प्रवेश संगणकावर होतात, माझ्यावर मुलींचे एप्रन टांगतात, आणि माझे बरे चालले आहे.

मित्रांनो, राखीव जागा किती, हे सगळेच मोजतात. आधी कोणती रांग भरली, तेही विचारत जा. आणि विचारल्याने आपलेच माणूस बाहेर राहणार असेल, तरी विचारा.