एकाच डबीतलं

आधी ओलसर चेहऱ्यावर कातडी सांधणारं सेरामाइडचं क्रीम, ते मुरलं की वर तेलाचे दोन थेंब, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं होतं. रक्ताच्या कॅन्सरच्या औषधांनी माझ्या धाकट्या बहिणीचे, हर्षिताचे, गाल आणि ओठांचे कोपरे फुटले होते. "फुटलेल्या कातडीतून जंतू शिरतात, आणि तिच्यात आता झुंजायचं बळ नाही," असं डॉक्टर म्हणाल्या.

मी इंदिरानगरातल्या औषधाच्या दुकानातून दोन्ही वस्तू आणून दिल्या. पण विकतच्या तेलावर विश्वास ठेवेल ती आमची आई कसली! तिनं खोबरेल तेलात तुळस आणि कढीपत्ता शिजवला. तोंडाला दोनदा हात लावला की लेक कळवळायची, म्हणून ते तेल सरळ क्रीमच्या डबीत ओतलं आणि बोटानं घोटलं. म्हणजे दुखणं एकदाच.

"स्वल्प स्वल्प लावते. आता रडत नाही बघ," आई मला म्हणाली.

"अक्का, माझ्या तोंडाला उपम्याचा वास येतो," हर्षिता म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी हसली.

मग ताप चढला तो उतरेचना. हॉस्पिटलात डॉक्टरांनी चेहऱ्याला लावायचं सगळं मागवून तपासायला दिलं. नंतर मला एकटीला बाजूला घेतलं. डबीत बुरशी होती, आणि हर्षिताच्या रक्तातही तीच.

"घरचा पाला, बोट... क्रीम टिकत नाही मग. आईंना सांगावं लागेल."

"नाही सांगायचं!" मी ओरडलेच.

हर्षिता गेली. मला आईचा इतका राग आला होता की तिच्या हातचं पाणी घशाखाली उतरेना. आणि ती मात्र भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगत होती, "शेवटपर्यंत तोंड मऊ होतं पोरीचं. माझ्या हातानं बरं वाटायचं तिला." तिच्याजवळ तेवढंच उरलं होतं. ते हिसकावून घ्यायचा मला धीर झाला नाही.

तेरावं झाल्यावर आई नवी डबी घेऊन माझ्यासमोर बसली. तेच क्रीम, तेच तेल.

"दिव्या, रडून रडून गाल फुटलेत तुझे. लाव. उरलेलं खालच्या मजल्यावरच्या शिवाप्पाच्या नातीला देते. तान्ह्या जिवाचं तोंड कसं उललंय बघ."

खरं बोलले तर आई संपली, गप्प बसले तर ते लेकरू.

"नाही," मी डबी ओढून घेतली. "सगळं मलाच हवं. दर वेळी. कुणाला बोटभरही द्यायचं नाही, शपथ घे माझी."

"एवढी हावरट कधी झालीस ग?" आई म्हणाली. हर्षिता गेल्यापासून पहिल्यांदाच तिच्या तोंडावर हसू आलं. "सरी, बरं बाई, नाही देत."

तिनं शपथ पाळली आहे. डबी संपायच्या आत दुसरी तयार असते. रोज ती समोर बसते, मी कढीपत्त्याच्या वासाचं ते क्रीम गालांना लावते.

"बरं वाटतं ना?" आई विचारते.

मी हो म्हणते.