सिमेंटने बुजवलेलं भोक

माझ्या जावेचं मला सगळंच खुपायचं. ती सुंदर आहे, श्रीमंत आहे असं काही नाही. पण तिचं कौतुक व्हायचं, आणि तेही माझ्याच मशीनच्या आवाजातही मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं.

सासऱ्यांनी लाँड्रीचे दोन भाग करून मध्ये भिंत घातली. थोरली म्हणून मोठा भाग, मोठं मशीन आणि हॉस्पिटलच्या चादरी माझ्याकडे आल्या. धाकटीकडे हॉटेलचे टॉवेल. त्याच वर्षी मी इस्त्रीचं नवीन मशीन घेतलं आणि हिनं काय करावं? मागच्या अंगणात टाकी बांधली! कपडे शेवटचे खळबळून उरलेलं पाणी वाळूतून गाळून टाकीत सोडायचं, दुसऱ्या दिवशी पहिल्या धुण्याला तेच वापरायचं. छपरावरचं पावसाचं पाणीही त्यातच.

"बाई पुढचा विचार करते हो," माझा नवरा म्हणाला. तिच्याकडचा चहा पिऊन आला होता.

"नळाला धो धो पाणी असताना गाळत बसायचं, याला विचार म्हणतात होय?" मी म्हणाले. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

एके दिवशी ती भिंतीपलीकडून आली. "ताई, तुमचं शेवटचं पाणी गटारात जातं. भिंतीला भोक पाडून पाइप टाकला तर माझ्या टाकीत येईल. खर्च मी करते."

मी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तिनं भोक पाडून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी गवंडी बोलावला आणि ते सिमेंटनं बुजवलं. माझं पाणी वापरून हिनं शहाणपण मिरवायचं? गटारात जाऊ दे, पण हिच्याकडे नको. नंतर वर्षभर मी ते पाणी गटारात सोडत राहिले. ती बघत असली की नळ जरा जास्तच उघडायचे, खोटं कशाला बोलू.

मग एका सोमवारी शहराला पाणी आणणारी मोठी पाइपलाइन फुटली. टँकर आधी घरांना, दवाखान्यांना. लाँड्रीला कोण विचारतं! माझी गच्चीवरची टाकी मंगळवारी संध्याकाळी कोरडी पडली. दारात मळलेल्या चादरींचा ढीग, आणि हॉस्पिटलच्या मोठ्या सिस्टरांचा फोन.

"परवा सकाळी चादरी हव्यातच. तुम्हाला जमत नसेल तर स्पष्ट सांगा, दुसरीकडे काम देते."

बारा वर्षांचं काम. ते गेलं की माझ्या मोठ्या मशीनचं लोखंड उरतं. पलीकडे टॉवेल धुतल्याचा आवाज येतच होता. शेवटी नाक मुठीत धरून गेले.

जावेनं टाकीवरचं झाकण सरकवलं, काठी बुडवून बघितली. "माझ्या एकटीला सहा दिवस पुरेल. दोघींना दोन. पण तुमचं खळबळल्याचं पाणी परत टाकीत आलं तर चार दिवस निघतील."

मी आत वाकले. पाणी अर्ध्यावर होतं. त्याच्या वर भिंतीला ओलीची खूणसुद्धा नव्हती, कोरं सिमेंट.

"एवढी मोठी कशाला बांधलीस गं?"

"दोघींच्या मापानं बांधली होती."

बस, एवढंच. टोमणा मारायला इतकी आयती संधी, आणि बाईनं ती सोडून दिली. त्याचाच मला जास्त राग आला. मी माझ्या भागात आले, छिन्नी घेतली आणि माझ्या हातानं ते सिमेंट फोडलं. बोटं सोलली, पण कुणाला मदतीला बोलावलं नाही.

चादरी वेळेवर गेल्या. शनिवारी नळाला पाणी आलं.

पुढच्या महिन्यात मोठ्या सिस्टर नवीन कराराचा कागद घेऊन आल्या. त्यात यंदा एक नवीन प्रश्न होता. "पाणी बंद झालं तर काम किती दिवस चालू ठेवाल?"

जाऊ माझ्याकडे मदतीला येऊन चादरींच्या घड्या घालत होती. तिनं तोंड उघडलं असतं तर काम तिचं होतं. ती मान खाली घालून घड्याच घालत राहिली.

"चार दिवस," मी म्हणाले.

"कशाच्या जोरावर?"

माझ्या टाकीच्या, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण म्हणाले, "माझ्या या जावेच्या टाकीच्या. कल्पनाही तिचीच. मी तर भोक बुजवलं होतं."

सिस्टर हसल्या. "मग काम हिलाच द्यायला हवं!"



"मला नाही झेपायचं," जाऊ म्हणाली, "मोठं मशीन ताईंकडे आहे. दोघींची नावं लिहा. आधी त्यांचं."

काम राहिलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. तिनं काम हिसकावलं असतं तर निदान पोटभर शिव्या तरी देता आल्या असत्या.

आता मी रोज सकाळी तिच्या आधी उठून टाकीत काठी बुडवते. काल ती मागून आली.

"ताई, बोटभर वाढलंय ना?"

"दोन बोटं," मी म्हणाले. "माझ्या बाजूनं जास्त येतं."