वाहेदभाईंची हरकत

“गोविंदा, मी काय हरकत केली बे?”

वाहेदभाई कोपरापर्यंत मैद्याने माखून बेकरीच्या दारात उभे होते. मी ग्रामपंचायतीचा शिपाई. सभेचं सांगत सकाळपासून गल्लोगल्ली फिरत होतो, घसा पार बसला होता.

“तुम्ही काही केलं नाही हो, भाई. सरकार हरकती मागून राह्यलं.”

“मांगून राह्यलं?” ते हसायलाच लागले. “आमच्यात पोट्टं हरकती करते तं त्याले झोडपतेत. अन् सरकार मांगून घेते?”

आता यांना काय सांगायचं! त्यांच्या घरच्या बोलीत हरकत म्हणजे खोडी. मी नीट समजावलं. लाकडावर चालणाऱ्या भट्ट्या बंद करून बेकऱ्या विजेवर नाहीतर गॅसवर न्यायच्या, असा नियम सरकारच्या मनात आहे. पण तो लावण्याआधी कोणाच्या पोटावर पाय येतो, ते गावोगाव फिरून बघायचं, असंही ठरलंय. त्यासाठी मुंबईहून एक मॅडम येणार आहेत. आमच्या डोणगावात असं कधी झालंय? आमच्याकडे नियम कळतो तो दंडाची पावती हातात पडल्यावर. आधी विचारायला येतंय कोण! मला तर घरात पोरीला बघायला पाहुणे येणार असल्यासारखं झालं होतं.

पण भाईंचं हसू मावळलं. “भट्टी बंद?”

ही भट्टी त्यांच्या वडिलांनी बांधलेली. पाव, टोस्ट, खारी तर रोजचंच. दिवाळी आली की गावातल्या बाया मैदा, तूप, साखर घेऊन नानखटाई भाजून घ्यायला इथेच रांग लावतात, आणि ईद आली की पुन्हा तेच. विजेची भट्टी घ्यायची तर भाईंना बेकरीची शेड विकावी लागली असती, आणि शेड विकल्यावर भट्टी काय डोक्यावर ठेवायची?

“अन् लाइन तं आपल्या इथं पाहुण्यावाणी येते,” ते म्हणाले.

“हेच सभेत बोला. भेऊ नका.”

“बोलतो न. काऊन नाही बोलणार?”

माणूस मला ठाऊक होता, म्हणूनच माझा विश्वास बसेना. वाहेदभाईंनी जन्मात कोणाला नाही म्हटलेलं नाही. भट्टी विझल्यावर कोणी डबा घेऊन आलं तरी म्हणणार, “काही हरकत नाही, आणा.” बाकी बोलण्यात निम्मी हिंदी असली तरी हे तीन शब्द मात्र अस्सल मराठीत.

दुपारी सभा भरली. ग्रामपंचायत बेकरीच्या समोरच, त्यामुळे भाईंकडून गरम टोस्ट आले, मी चहा फिरवला. मॅडमचं नाव सुचिता. वयाने लहान, बोलायला गोड, पण भाषा सगळी सरकारी.

“प्रस्तावित नियमामुळे आपणांवर होणाऱ्या परिणामांचं मूल्यांकन करण्यासाठी आम्ही आलो आहोत,” त्या म्हणाल्या.

सगळ्यांनी माना डोलावल्या. कळलं कोणालाच नाही. मग त्या भाईंकडे वळल्या. “आपली लाकडाची भट्टी आहे ना? या नियमाला आपली काही हरकत?”

मुंबईची पाहुणी, ती आपणहून दारात आलेली. भाई ताडकन उठले, हात जोडले आणि म्हणाले, “छे छे, मॅडम! काही हरकत नाही!”

मी कपाळावर हात मारून घेतला. इतका राग आला म्हणून सांगू!

“छान,” मॅडम लॅपटॉपवर टकटक करत म्हणाल्या. “सकाळी जानेफळ गावातही कोणाची हरकत नव्हती.”

“चुलीत गेली ती ‘हरकत नाही’!”

दारातून आवाज आला. खैरुन्निसाभाभी, वाहेदभाईंच्या घरच्या, टोस्टचं दुसरं ताट घेऊन उभ्या होत्या. ताट त्यांनी माझ्या हातात आदळलं. “अवो मॅडम, हा माणूस मेहमानाले नाही म्हणतच नाही! कोणी याच्या पायावर पाय देल्ला तरी हा म्हणते, हरकत नाही! सीधं इचारा न त्याले, भट्टी गेली तं काय करशीन म्हणून!”

सभा खो-खो हसली. मॅडमची बोटं मात्र जागच्या जागी थांबली. त्यांनी लॅपटॉप बाजूला सरकवला, खुर्ची ओढून भाईंच्या जवळ घेतली आणि साध्या मराठीत विचारलं, “भाई, भट्टी बंद झाली तर तुमचं कसं होईल?”

भाई मान खाली घालून बोटांवरचा सुकलेला मैदा खरवडू लागले.

“मले दुसरं काहीच येत नाही, मॅडम,” ते म्हणाले. “सकाळी गाव माह्या पावाचा वास घेऊन उठते. मी कशाच्या वासावर उठू?” मग त्यांनी मान वर केली. “मले हरकत आहे. माफ करा. पण आहे.”

वा रे वा! मी शिपाई नसतो तर शिट्टीच मारली असती. डोळेही भरून आले, ते पुसायला हातातलं ताट आडवं आलं.

“माफी तुम्ही कशाला मागता?” मॅडम म्हणाल्या. “नियम बदलेलच असा शब्द मी नाही देऊ शकत. पण तुमचं म्हणणं तुमच्याच शब्दांत वर जाईल.” लिहिता लिहिता त्या थबकल्या. “गोविंदभाऊ, जानेफळचे बेकरीवालेसुद्धा असेच हात जोडून बोलले होते हो.”

“सगळेच?”

“सगळेच.”

मी हसलो, त्याही हसल्या, आणि मग एकदम उठल्याच. बुलढाण्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला म्हणाल्या, “वळवा. परत जानेफळ.” ड्रायव्हर काहीतरी पुटपुटला. “भाई, तुम्ही येता माझ्यासोबत? तुमच्यासमोर ते मोकळेपणाने बोलतील.”

भाईंनी बेकरीकडे पाहिलं. आत संध्याकाळच्या पावाचं पीठ फुगून आलं होतं, आणि फुगलेलं पीठ सोडून हा माणूस कधी कुठे गेला नव्हता.

“जा न!” भाभी म्हणाल्या. “मी नाही का?”

भाई पिठाच्या सदऱ्यानिशी पुढच्या सीटवर बसले. मी दार लावलं तर काच खाली करून हळूच विचारतात, “गोविंदा, तिथं तेयले काय सांगू बे? ‘आहे’ म्हणा म्हणून?”

“हाव. ‘आहे’ म्हणा म्हणून सांगा. अन् जोरात म्हणा म्हणावं.”

“आहे,” भाई म्हणाले. त्यांना ते पटलं नाही. त्यांनी घसा खाकरला आणि पुन्हा म्हटलं, “आहे.”

गाडी वळली. काच वर गेली, तरी त्यांचे ओठ हलतच होते.